नवव्या प्रश्नाचं उत्तर

कोडेमास्तरांचं शिंपीणताईकडे काहीतरी चालू आहे, ही बातमी पहिल्यांदा कुणी सोडली याबद्दल गल्लीत आजही एकमत नाही. चष्मेवाला म्हणतो, मी नव्हे. आणि ते तो इतक्या घाईघाईने म्हणतो की पुढे काही विचारायची गरजच उरत नाही. त्याचं दुकान शिंपीणताईच्या दुकानाच्या बरोबर समोर. गिऱ्हाइकाला भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावायची आणि आपण समोरच्या दुकानात काय चाललंय ते वाचायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा परिपाठ.

पुरावा म्हणाल तर भक्कम होता. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मास्तर घरी न जाता शिंपीणताईच्या दुकानाची पायरी चढत. शर्टाचं एक बटण हटकून तुटलेलं. कधी गळ्याशी, कधी बाहीला, कधी ऐन पोटावरचं. सत्तावन्न वर्षांचा, बांबूसारखा सरळसोट माणूस. ना खाण्यापिण्याचा शौक, ना पोट सुटलेलं. त्याची बटणं तुटतात कशी?

"बटणं तुटत नसतात हो, तोडावी लागतात," चष्मेवाला डोळा बारीक करून म्हणे, आणि ऐकणारा आपला चष्मा पुसत पुसत समोर बघे.

शिंपीणताई चौतिशीची, दिसायला नीटस, बोलायला मोजकी. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. एवढी सामग्री तयार असताना अफवा उपाशी कशी राहील? आम्हीही आपापल्या परीने तिला खाऊपिऊ घातलं. खोटं कशाला बोला.

पण आधी मास्तर कोण, ते सांगायला हवं.

मास्तर शाळेत गणित शिकवत. तो पोटापाण्याचा भाग. त्यांचा जीव होता तो 'डोकेफोड'मध्ये. हे त्यांनीच सुरू केलेल्या स्पर्धेचं नाव. महिन्यातून एकदा पिवळ्या कागदावर पाच कोडी छापून ती आजूबाजूच्या शाळांत वाटायची आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या शाळांतली उत्साही पोरं एका सभागृहात बसवून दहा प्रश्नांची अंतिम फेरी घ्यायची. त्यातली पहिली दहा मुलं सुट्टीत तीन आठवडे मोठ्या शहरातल्या विज्ञान केंद्रात जात. तिथे दुर्बीण होती, प्रयोगशाळा होती, आणि पोरांच्या वेड्या प्रश्नांना न हसणारी माणसं होती. तिथून परतलेलं पोर पूर्वीचं राहत नसे. एक पूल बांधणारा झाला, एकीने किड्यांवर पुस्तक लिहिलं, दोघं डॉक्टर झाले. त्यांच्या आया अजून मास्तरांचं नाव काढलं की डोळ्याला पदर लावतात.

कोडी घालायचं तर मास्तरांना व्यसनच. न्हाव्याकडे मान खाली घालून बसले तरी विचारणार, "तुझ्याकडे एक चार तासांत बोथट होणारा वस्तरा आणि एक सहा तासांत बोथट होणारा असेल तर..." न्हावी म्हणे, "मास्तर, हललात तर कान जाईल." स्वभाव थट्टेखोर. वर्गात पोरगं चुकलं तर छडी नाही, टोमणा. आणि टोमणा असा की पोरगंही हसे. निदान आम्हाला तसं वाटे.

त्यांची पद्धत एकच, हाताने करून बघायची. कोडं काड्यांचं असेल तर काड्या, वाटाण्यांचं असेल तर वाटाणे. उत्तर आधी करून बघायचं आणि मगच उत्तरपत्रिकेत लिहायचं. कागदाचं कोडं असलं की ते शाळेच्या कचेरीत जात. तिथे कागद कापायचा मोठा कटर होता. लाकडी पाट, त्यावर लांबलचक पातं, आणि पात्याला मूठ. मूठ दाबली की खच्च! कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात चिरला जाई. मास्तरांना तो आवाज फार आवडे. शिपाई म्हणायचा, "यांना कटर द्या आणि जेवायला बोलवू नका."

एकवीस वर्षांपूर्वीच्या अंतिम फेरीतला नववा प्रश्न त्यांनी या कटरवरच तयार केला होता. सात इंच बाजूचा एक चौरस तुकडा आहे. त्यातून चार लांब आणि तीन रुंद असे आयत जास्तीत जास्त किती निघतील? प्रश्न म्हणजे सापळा होता आणि मास्तर त्यावर बेहद्द खूश होते. क्षेत्रफळाचा नुसता भागाकार केला की वाटतं, चार निघतील, वर थोडं उरेलसुद्धा. पण कापायला बसा! पहिला काप मारला, दुसरा मारला, दोन तुकडे निघाले, उरलेल्या पट्टीतून एक. पुढे नुसती चिंधी. त्यांनी उलटसुलट आठ-दहा कागद कापले. दर वेळी तीनच. उत्तरपत्रिकेत त्यांनी लिहिलं, 'तीन. चार लिहिणाऱ्याने फक्त भागाकार केला आहे, हात चालवलेला नाही.'

त्या वर्षी एकाच पोरीने चार लिहिलं होतं. गावातल्या एकुलत्या एक शिंप्याची मुलगी, तेरा वर्षांची. बाकीच्यांनी तीन लिहिलं, नाहीतर जागा कोरी सोडली. मास्तरांनी 'चार' वाचलं आणि लाल पेन्सिलीने काट मारली. खाली पोरीने आकृती काढली होती. तिच्यावरून काटेची शेपटी गेली.

निकालाच्या दिवशी सभागृह भरलेलं. पहिली दहा नावं वाचून झाली. शिंप्याची मुलगी अकरावी, एका गुणाने. टाळ्या थांबल्या तशी ती उभी राहिली. दोन वेण्या, हात पाठीशी.

"मास्तर, नवव्याचं उत्तर चार आहे. चार बसतात. मी काढून दाखवलंय."

आता इथे मास्तरांनी तिचा पेपर मागवून बघायला हवा होता. फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. पण समोर दोनशे माणसं होती, आणि जिभेवर एक वाक्य येऊन बसलं होतं. मास्तरांच्या जिभेवर आलेलं वाक्य कधी परत गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

"बाळ," ते म्हणाले, "ही शिवणकामाची परीक्षा नव्हे. इथं कापड ओढून बसत नाही!"

सभागृह फुटलं. पोरं बाकं बडवायला लागली, पाहुणे रुमालात तोंड लपवून हसले. मागे दाराशी शिंपी उभा होता, दुकान तसंच टाकून आलेला, गळ्यात मापाची टेप. सगळे हसतायत म्हणून तोही हसला. पोरगी खाली बसली.

घरी गेल्यावर बापाने एवढंच म्हटलं, "मास्तर म्हणतात म्हणजे तसंच असेल, बाळा." पुढच्या वर्षी तिने नाव घातलं नाही. शाळा संपली तशी मशीनवर बसली.

आणि तो विनोद मात्र चालू लागला. मास्तर दर वर्षी अंतिम फेरीआधी पोरांची धाकधूक जावी म्हणून एखादी गंमत सांगत. आता ही गंमत ठरून गेली. "एक शिंप्याची पोर होती..." अशी सुरुवात झाली की पोरं सरसावून बसत. ती गोष्ट शाळेतून घरी आली, घरून पारावर गेली. कुणी बसमध्ये जागा नसताना घुसायला लागला की कंडक्टरसुद्धा म्हणायचा, "साहेब, इथं कापड ओढून बसत नाही." पोरीचं नाव मास्तरांनी कधी घेतलं नाही, ते तेवढे सभ्य होते. पण गावात शिंपी एकच. नाव घ्यायची गरज कुणाला होती?

अशी वीस वर्षं गेली. शिंपी वारला, दुकान मुलीकडे आलं. ती शिंपीणताई झाली. तिलाही एक मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली.

आणि एका दुपारी मास्तर नव्या शर्टाच्या बाह्या आखूड करून घ्यायला दुकानात गेले. गर्दी नव्हती. शिंपीणताई एका उरलेल्या तुकड्यातून खिशाची अस्तरं काढत होती. मास्तर आपले उगीच बघत उभे राहिले. तिने चौकोनी तुकड्यावर खडूने एक आयत आखला, त्याच्या डोक्याशी दुसरा आडवा, त्याच्या टोकाशी तिसरा, मग चौथा. चारी एकमेकांच्या शेपटीला लागून गोल फिरलेले, भिंगरीच्या पात्यांसारखे. मधोमध बोटभर चौकोन उरला. मग कात्री घेतली. कात्री सरळ गेली, कोपऱ्याशी आली, वळली.

वळली. मास्तरांच्या कटरचं पातं जन्मात वळलं नव्हतं.

"किती निघाली?" मास्तरांनी विचारलं.

"चार."

"तुकडा केवढा होता?"

"सात बाय सात. इंच." तिने मान वर केली. "का हो मास्तर?"

"आणि हा मधला?"

"तो उरतोच. बटणाखाली लावायला होतो."

मास्तर बाह्यांचं माप न देताच बाहेर पडले. ती मागून हाका मारत राहिली.

घरी माळ्यावर एक लोखंडी ट्रंक होती. पंचवीस वर्षांच्या अंतिम फेऱ्यांचे पेपर त्यात दडपलेले. मास्तरीणबाई ट्रंकेला सवत म्हणत. "माझ्या लग्नातल्या साड्या वाळवीने खाल्ल्या, पण हिच्या अंगाला झुरळ लागलेलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मास्तरांनी ट्रंक उतरवली, वीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला. पेपर सापडला. 'चार.' खाली पेन्सिलीने काढलेली भिंगरी, चार आयत गोल फिरलेले, मधे लहानसा चौकोन. त्या चौकोनात पोरीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा एक उरतो.' त्यावरून लाल रेघ गेलेली.

पुढच्या शनिवारी तो कागद खिशात घालून मास्तर शिंपीणताईच्या दुकानात गेले. सांगून टाकायचं, असं ठरवूनच. वाटेत वाक्य घोकलं होतं. पण आत एक बाई परकराचं माप देत होती, आणि शिंपीणताईने विचारलं, "काय काम काढलंत मास्तर?" वाक्य गेलं. मास्तरांचा हात शर्टाशी गेला आणि त्यांनी खसकन एक बटण उपटलं.

"हे... बटण."

तिने उभ्या उभ्या लावून दिलं. ते घरी आले. पुढल्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढल्या शनिवारी पुन्हा. कधी गिऱ्हाईक असे, कधी नसे. नसे तेव्हा तर जीभ आणखीनच जड होई. ज्या जिभेने सभागृहं हसवली ती एका बाईसमोर टाळ्याला चिकटून बसे. "ऊन वाढलंय नाही?" म्हणत, बटण लावून घेत, आणि चष्मेवाल्याच्या नजरेसमोरून खाली मान घालून निघून जात. खाली मान बघून चष्मेवाल्याची खात्रीच पटली.

वर्ष लोटलं असेल. एका शनिवारी शिंपीणताईची मुलगी दुकानात बसली होती. वय बारा. दप्तरातून पिवळा कागद डोकावत होता. मास्तरांनी सहज म्हणून विचारलं, तर पोरीने त्या महिन्याची पाचही कोडी सोडवलेली. पाचव्याला तर अशी वाट काढली होती की मास्तरांनाही सुचली नव्हती.

"ही अंतिम फेरीला बसतेय ना?" मास्तर म्हणाले. "महिनाअखेरीपर्यंत अर्ज द्यायचाय. पालकांची सही लागते."

शिंपीणताईने दोरा दातांनी तोडला. "नको मास्तर."

"अहो, का नको? पोरीची बुद्धी बघा!"

"बुद्धी आहे. पण आमच्या घरात डोकं कापडाचं आहे, गणिताचं नाही." ती हसली, तक्रार केल्यासारखी नव्हे, आपण एखादी जुनी ओळखीची गोष्ट सांगून हसावं तशी. "तुम्हीच सांगता ना दर वर्षी."

पोरीने पिवळा कागद दप्तरात खाली सारला. मास्तर बटण लावून न घेताच पायरी उतरले.

आता इकडे मास्तरीणबाईंच्या कानावर अफवा कधीच पोचली होती. पण त्या गप्प होत्या. त्यांची पद्धत वेगळी. त्या शर्ट तपासत. त्या संध्याकाळी त्यांनी मास्तरांसमोर तीन शर्ट मांडले.

"अहो, ही बटणं तुटलेली नाहीत. ब्लेडने कापलेली आहेत. दोरा बघा कसा सरळ आहे."



"तीस वर्षांत तुम्हाला स्वतःचा टॉवेल सापडला नाही, आणि ब्लेड बरं सापडलं! लोक काय म्हणतात माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग खरं आहे का ते? हो म्हणा, नाही म्हणा. मी काही रडणार नाही. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मास्तर उठले, ट्रंकेतून नव्हे, गादीखालून तो कागद काढला आणि तिच्या हातात दिला. गणिताचं आणि मास्तरीणबाईंचं फारसं सख्य नव्हतं. पण त्यांनी मग जुन्या वर्तमानपत्राचा सात बोटांचा चौकोन कापला, आकृतीत होते तसे तुकडे केले आणि टेबलावर मांडले. चार. मधे उरलेला चौकोन त्यांनी बोटाने दाबून धरला.

"ही तीच का?" त्या म्हणाल्या. "कापड ओढून बसत नाही?"

"तीच."

 मास्तरीणबाई म्हणाल्या, "पाहुणे यायचे, तुम्ही ती गोष्ट सांगायचात, आणि मी चहा देता देता हसायचे. दर वेळी. नव्यानेच ऐकल्यासारखी."

"अगं, तुला काय माहीत?"

"तुम्हालाही माहीत नव्हतं. आता माहीत होऊन किती दिवस झाले?"

"सव्वा वर्ष."

"आणि त्या पोरीचा अर्ज?"

"शेवटचा दिवस परवा."

"मग उद्याच जा. आणि शर्ट धड घालून जा."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकानाचं एक दार लोटलेलं, आत शिंपीणताई एकटीच होती, तोंडात टाचण्या धरून कुणाचा तरी कोट उसवत. मास्तरांनी कापड बेतायच्या टेबलावर कागद ठेवला. काही बोलायच्या आधीच तिने तो ओळखला. तिने तोंडातली एक टाचणी काढली, उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या टाचण्या खोचून होईपर्यंत मास्तर उभे होते.

"हे माझं अक्षर आहे," ती म्हणाली.

"तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. मी कटरवर कापून बघितलं होतं. ते पातं वळत नाही. आणि तुझी आकृती मी बघितलीच नाही." घोकलेल्यातलं यात एकही वाक्य नव्हतं. 'तुम्ही'वरून आपण 'तू'वर आलो हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"चार बसतात हे मला माहीत आहे मास्तर. रोज बसवते. पण मला वाटायचं, कापडात बसत असतील. गणितात नसतील बसत."



"बाबा कापड बेतताना मला विचारायचे," ती पुढे म्हणाली. "'काय गं, यातून किती निघतील?' मी नुसती बघून सांगायचे. सहा वर्षांची होते तेव्हापासून. त्या दिवसानंतर त्यांनी विचारायचं सोडलं. रागावले नाहीत, काही नाही. पोरीला उगाच लाजवायला नको, म्हणून. जाईपर्यंत पुन्हा कधी विचारलं नाही." तिने कागदाची घडी नीट केली. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"तू अस्तरं काढत होतीस त्या दिवशी."

"तेव्हापासून बटणं लावतेय मी तुमची."

"हो."

"ते दार उघडंच होतं मास्तर सगळा वेळ."



ती उठली, अर्ज मागितला, सही केली. मग दोन गोष्टी सांगितल्या. पोरीचा पेपर मास्तरांनी तपासायचा नाही. आणि ती गोष्ट यंदाही सांगायची, त्याच सभागृहात, पण शेवट खरा सांगायचा. "आणि आता बटणं घरीच लावून घ्या," ती म्हणाली. आवाज चढला नाही. मास्तर निघाले तेव्हा ती पुन्हा कोट उसवायला बसली होती.

अंतिम फेरीच्या दिवशी सभागृहात सव्वादोनशे पोरं. शिंपीणताई आली नव्हती, पोरगी तिसऱ्या रांगेत पेन्सिलीला टोक करत होती. मास्तर उभे राहिले. हातात नेहमीसारखा कागद नव्हता.

"एक शिंप्याची पोर होती..."

पोरांत आनंदाची लाट गेली. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. मास्तर 'तेव्हा मी तिला म्हटलं' इथपर्यंत पोचतात न पोचतात तोच सव्वादोनशे गळ्यांनी एका सुरात वाक्य पुरं केलं, "इथं कापड ओढून बसत नाही!" बाकं वाजली. शिक्षकही हसले.

मास्तरांनी हात वर केला. "नाही. ऐका. चार बसतात. चूक माझी होती."

हसू दुप्पट झालं. मास्तरांनी यंदा नवा शेवट जोडलाय असं पोरांना वाटलं, आणि तोही झकास. मास्तर चुकतात! ज्याने जन्मभर गमतीच केल्या त्याने आता गंमत नाही म्हटलं, तर ती सगळ्यात मोठी गंमत ठरणार. ते पुन्हा म्हणाले, "पोरांनो, खरं सांगतोय. ती बरोबर होती." पुढच्या रांगेतल्या एकाने हसून हसून पोट धरलं. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं आणि घंटा दिली. पेपर वाटले गेले.

"सांगितलं का त्यांनी?" घरी आल्यावर आईने विचारलं.

"सांगितलं. दोनदा."

"मग?"

"सगळे हसले."

आईने पायाखालचं मशीन थांबवलं होतं, ते पुन्हा चालू केलं.

पोरगी एकोणिसावी आली. शिंपीणताईने शाळेतून पेपर मागून आणला आणि खडू घेऊन स्वतः प्रश्नामागून प्रश्न तपासला. गुण रास्त होते. पुढच्या वर्षी पोरगीच नको म्हणाली, तिला आता पळण्याच्या शर्यती आवडायला लागल्या होत्या.

मास्तरांनी पुढच्या महिन्याच्या पिवळ्या कागदावर चुकीची दुरुस्ती छापली, चौकटीत, आकृतीसह. कुणी विचारायला आलं नाही. पोरांना कोडी हवी होती, एकवीस वर्षांपूर्वीच्या चुकीची दुरुस्ती घेऊन ती काय करणार? नंतर ते निवृत्त झाले. डोकेफोड दुसऱ्या कुणी पुढे चालवली नाही. मास्तरांनीही आग्रह धरला नाही. न्हाव्याकडे ते आता गप्प बसत. न्हावी म्हणायचा, कान सुखरूप आहेत पण मजा गेली. शनिवारी ते दुसऱ्या गल्लीतून घरी जात. चष्मेवाल्याने जाहीर केलं, भांडण झालं. आम्ही विचारलं, कशावरून? तो म्हणाला, अशा गोष्टींचं कारण कधी कळतं का?

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मास्तर झोपेतच गेले. शोकसभा त्याच सभागृहात झाली. लांबलांबून माजी विद्यार्थी आले. पूल बांधणारा आला, किड्यांवर पुस्तक लिहिणारी आली. शिंपीणताई मास्तरीणबाईंच्या शेजारी बसली होती. पुलवाला बोलायला उभा राहिला, त्याने रुमालाने डोळे टिपले. मग म्हणाला, "मास्तर रडू देणार नाहीत आपल्याला. त्यांचीच एक गोष्ट सांगतो. एक शिंप्याची पोर होती..."

त्याने फार सुंदर सांगितली. मास्तरांची हातवारे करायची लकब, ते डोळे, सगळं हुबेहूब. सभागृह रडत रडत हसलं. आम्हीही हसलो. "चार बसतात रे," मास्तरीणबाई म्हणाल्या, पण बसल्या जागेवरून, आणि हसण्यात ते बुडालं. शिंपीणताई उठली आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेली.

चष्मेवाल्याने मला कोपर मारलं. "बघा. सहन झालं नाही बिचारीला."

सात इंच बाजूच्या चौरसातून चार बाय तीनचे चार आयत निघतात. मास्तरांनी तीन धरले होते. ते तिच्या दुकानात जात होते ते एवढं सांगायला.